झाकली मूठ

आमच्या लहानपणी ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी होती. शाळा बुडवली की आजोबा विचारायचे, “मोठेपणी अंगठा उठवायचाय का?” त्या धाकाने आम्ही बाराखडी गिरवली, पुढे सही घोटली, तिच्याखाली एक लफ्फेदार रेघ आणि दोन टिंबं द्यायलाही शिकलो. आता त्या सहीला कुत्रंही विचारत नाही. सिमकार्ड घ्या, घराचा दस्त नोंदवा, समोरून एकच आज्ञा येते: “अंगठा ठेवा.” आजोबा हयात असते तर शाळेची फी परत मागायला गेले असते.

याचं मूळ साहेबाच्या अविश्वासात आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या कामाचा करार केला आणि कंत्राटदाराच्या हाताचा पंजा शाईत बुडवून कागदावर उमटवून घेतला. उद्या हा गडी ‘सही माझी नव्हेच’ म्हणेल, ही भीती. साहेब गेला, पण भीती इथेच ठेवून गेला. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातलं पहिलं ‘आधार’ दिलं गेलं. एकलव्याने एक अंगठा दिला, त्याची हळहळ आपण अजून व्यक्त करतो. आपण दहा बोटं, दोन डोळे आणि एक फोटो दिला, आणि वर ‘फोटो चांगला नाही आला’ एवढीच तक्रार केली.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय एकच होता, गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवणे. चर्चा दोन तास रंगली. खर्च मेंटेनन्समधून की वेगळा, भाडेकरूंनी किती द्यायचे, यंत्रावर पत्रा घालायचा की फायबर. केसांना मेंदी लावल्यावर ते ओळखेल का, असंही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. मग मी भीत भीत विचारलं, “पण हे चेहरे साठवणार कुठे?”

“क्लाउडवर,” सेक्रेटरी म्हणाले. सगळ्यांनी वर पाहिलं. वर पंखा होता.

“आणि घर विकून गेलेल्याचा चेहरा पुसणार कोण?”

यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नेहमीचा हुकमाचा पत्ता टाकला: “आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?”

याच काकांनी फ्लॅट केवढ्याला घेतला हे सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही. मुलाचं पॅकेज विचारलं की त्यांना ठसका लागतो. मधुमेहाचं औषध ते पलीकडच्या गल्लीतून आणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर त्यांचा संसार उभा आहे. मात्र यंत्राने ‘हात पुढे करा’ म्हटलं की ती मूठ आपोआप उघडते, कारण यंत्राला ते नातेवाईक समजत नाहीत. यंत्र काय, बारशाला थोडंच बोलणार आहे?

ठराव एकमताने मंजूर झाला. त्यानंतर कळलं, की आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे, दूधवाल्याचे आणि ड्रायव्हरांचे चेहरे गेल्याच महिन्यात घेऊन झाले होते. त्यासाठी सभा लागली नव्हती.

याच मावशी परवा उशिरा आल्या. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नव्हता. वीस वर्षं आमच्या इमारतीची भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा आमच्याच मोरीत वाहून गेल्या आहेत. दुकानदार सल्ला देत होता: कोमट पाण्यात बुडवा, डोक्याला घासा, दुसरं बोट लावून बघा. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नये, असं कागदावर आहे. पण कागद मुंबईत असतो आणि रांग दुकानात. अंगठा दाखवणे म्हणजे काय, हे त्या दिवशी यंत्राने मावशींना दाखवलं.

म्हणजे पाहा. आमच्या गेटवर मावशी पहाटेच्या अंधारातही बरोबर ओळखू येतात. पाच किलो धान्य द्यायची वेळ आली की त्या कोण, हे कळत नाही. पाळत ठेवताना यंत्राची नजर गरुडाची असते, देताना त्याला मोतीबिंदू होतो.

तक्रार करावी, तर बंदोबस्त कडेकोट आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खुद्द ॲटर्नी जनरलांनी सांगितलं, की आधारची माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आत सुरक्षित आहे. शिवरायांनी गड बांधले, पण माहितीला तट घालण्याचं त्यांनाही सुचलं नसतं. चोर शिडी घेऊनच येणार, अशी यात खात्री दिसते. त्याच वर्षी न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी आधार वैध ठरवलं आणि खासगी कंपन्यांना मात्र थोडा लगाम घातला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. आमच्या सभेत मी एकटा पडलो, तेव्हा मला त्यांची फार आठवण आली.

त्याआधी २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं होतं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग सहा वर्षं विचार करून २०२३ मध्ये माहिती-संरक्षणाचा कायदा झाला. चुकणाऱ्या कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड. सरकारला मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी आपल्याच यंत्रणांना यातून सूट देता येते. सासूने सुनेसाठी नियम करावेत आणि शेवटी लिहावं, ‘घरातल्या मोठ्यांना लागू नाही’, तसं हे झालं.

काकांना मी एवढंच म्हणालो, “पेपर फुटला तर फेरपरीक्षा घेता येते. अंगठा फुटला तर फेरअंगठा मिळत नाही हो.” ते म्हणाले, “तुम्ही फार वाचता.”

सोमवारी माझी पाळी आली. यंत्रासमोर उभा राहिलो. हसावं की गंभीर राहावं, कळेना. यंत्राने मान उजवीकडे वळवायला सांगितली, वळवली. डावीकडे सांगितली, वळवली. डोळे मिचकवा म्हणालं, भर रस्त्यात तेही केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: ‘यशस्वी’. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मागे मावशी उभ्या होत्या. रिकामी पिशवी घडी करून काखेत, मूठ गच्च मिटलेली. मला बघून हसल्या.

“झालं का काका, तुमचं बी?”