सीट मिळवून सिसिली

प्लॅनवाले काका कोण, हे कल्याणच्या पुढं राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. अंबरनाथच्या आनंदनगरपासून बदलापूरच्या कात्रपपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, लिफ्टपाशी ते उभेच असतात. निवृत्ती जवळ आलेली किंवा नुकतीच झालेली, खिशाला दोन रंगांची पेनं, आणि बोलण्याची सुरुवात ठरलेली: "समजा, आपण रोमला संध्याकाळी सातला पोचलो." समजायचं नाही असं म्हणायची सोय नसते, कारण तोवर लिफ्टचं दार बंद झालेलं असतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत रोम आटोपतं, पाचव्याला गाडी सुटते, आणि ज्याला सातव्यावर उतरायचं आहे त्याला सिसिली बेट दिसेपर्यंत लिफ्टचं दार हातानं धरून ठेवावं लागतं. सगळा बेत दोनशे पानी वहीत लिहिलेला. रोमच्या टर्मिनी स्थानकात फलाटाचा आकडा गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी झळकतो, तेव्हा उभं कुठं राहायचं म्हणजे कुठलाही फलाट निघाला तरी चालणं कमी पडेल, याचा नकाशा तीत आहे. कलोसियमला दीड ओळ आहे: 'वेळ उरल्यास, बाहेरून.'

लोक याला प्रवासाचं वेड म्हणतात आणि हसून सोडून देतात. मला हे निदान चुकलेलं वाटतं. प्रवासाचं वेड असलेला माणूस डोंगराबद्दल बोलेल, देवळाबद्दल बोलेल, निदान खाण्याबद्दल तरी बोलेल. काकांचा बेत कुठूनही सुरू झाला तरी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: बसायला मिळेल का? याचं मूळ शोधायला इटलीत जायला नको, सकाळी अंबरनाथ स्थानकात उभं राहिलं की पुरे. कर्जत-बदलापूरकडून येणाऱ्या अप लोकलमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. म्हणून अंबरनाथकर आधी डाउन गाडीनं उलटा बदलापूरला जातो, तीच गाडी तिथून मुंबईकडं फिरते, आणि हा खिडकीशी बसून पुन्हा अंबरनाथला येतो, उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याला मान हलवून नमस्कार करतो. उल्हासनगर-विठ्ठलवाडीचा माणूस हेच अंबरनाथ लोकलला करतो. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. त्यासाठी पास बदलापूरपर्यंतचा काढावा लागतो, म्हणजे मुंबईला बसून जाता यावं म्हणून मुंबईपासून आणखी लांब जायचे पैसे भरायचे. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला पुढं सगळ्या जगात रिटर्न मारावासा वाटला तर नवल नाही. काका लग्नाच्या पंगतीत रिटर्न मारतात: आधीच्या पंगतीत वाढायला उभे राहतात आणि ती उठायच्या आत पुढच्या पंगतीच्या पाटावर असतात. दाताच्या डॉक्टरकडं आदल्या संध्याकाळी जाऊन खुर्च्यांची पाहणी करून येतात. टर्मिनीच्या बाबतीतही त्यांची पहिली शंका हीच होती की गाडी सुरुवातीच्या यार्डातून कुठून येते, आणि तिथं आधी जाऊन बसून यावं का. तिथं बर्थचा नंबर तिकिटावर छापलेला असतो असं सांगितलं तर म्हणतात, "नंबर असतोच हो, पण बसलेल्या माणसाला उठवतो कोण?" विमानाचीही चौकशी झाली आहे. ते मुंबईला रिकामं होऊन परत जातं असं कळल्यावर त्यांनी वहीत हिरव्या पेनानं लिहिलं: 'सुरुवातीचं स्टेशन. चिंता नाही.'

इथवर मान्य केलं तरी सिसिलीच का, हा प्रश्न उरतो. बसून जाण्यासारख्या गाड्या युरोपात ढिगानं आहेत आणि स्वित्झर्लंडचं नाव घेतलं असतं तर लिफ्टमध्ये थोडी किंमतही वाढली असती. बेटच हवं असेल तर अथेन्सहून क्रीट आहे. तो बेतही काकांनी आखून पाहिला होता. विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअस बंदराला जाते, विमानतळ हे टोकाचं स्टेशन, सगळं मनासारखं. पण पिरेअसला मेट्रोतून उतरून बोटीत नव्यानं चढावं लागतं, म्हणजे मिळालेली जागा सोडून दुसरी शोधायची, आणि एवढ्यावरून क्रीटवर लाल फुली पडली. रोम-सिसिली मार्गाची गोष्ट वेगळी आहे. रात्री रोमहून निघालेली इंटरसिटी नोत्ते इटलीच्या बुटाच्या चवड्यापाशी, व्हिला सान जोव्हानीला पोचते. पुढं मेसिनाची सामुद्रधुनी, सर्वांत चिंचोळ्या जागी तीन किलोमीटरच्या आसपास. तिथं गाडीचे डबे सोडवतात आणि तुकड्या करून बोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात. बोट पलीकडं मेसिनाला लागते, डबे बाहेर काढून पुन्हा जोडतात, काही पालेर्मोला जातात, काही सिराकुसाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चाललं आहे. त्यातली मेख कल्याणच्या अलीकडच्यांना चटकन कळणार नाही: रोमला मिळालेली जागा समुद्र ओलांडला तरी तुमचीच असते. वर चार बर्थच्या कूपेत चौघंच झोपतात. तिघांच्या बाकावर चौथी सीट म्हणून अर्ध्या मांडीवर ज्यानं अर्धं आयुष्य काढलं, त्याला यात कलोसियमहून मोठं काहीतरी दिसलं, तर त्याची थट्टा जपून करावी. होमरच्या महाकाव्यात याच सामुद्रधुनीत एका अंगाला सहा तोंडांची सिला बसली आहे आणि दुसऱ्या अंगाला गलबतं गिळणारी कॅरिब्डिस. काकांनी हे वाचून ठेवलं आहे. दिवा आणि ठाण्याच्या मधून रोज गेलेल्या माणसावर त्याचा काही परिणाम झालेला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग जात का नाहीत? केसरी आहे, वीणा वर्ल्ड आहे, पैसे भरा आणि झेंड्यामागं चाला. पैशाचं कारण खरं आहे, पण अर्धंच. बदलापुरात फ्लॅटचा हप्ता फेडून मुलीचं लग्न केलेल्या माणसाला युरोप परवडतो की नाही, हे वहीच्या शेवटच्या पानावर पै-पैशानं मांडलेलं आहे, आणि उत्तर 'ओढाताण करून, हो' असं आहे. झेंड्याला त्यांचा विरोध तत्त्वाचा. सहलीत जागा व्यवस्थापक वाटून देतो आणि रोज बदलतो. काल पुढं बसलेला आज मागं. ज्यानं एक जागा मिळवायला आयुष्यभर उलटा प्रवास केला, त्याला फुकट वाटलेली जागा जागाच वाटत नाही. दुसरं असं की नियोजन ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे, हे निदान शेंगेन देशांना मान्य नाही. व्हिसासाठी ते मुक्कामाचा पुरावा मागतात, परतीचं आरक्षण मागतात, किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा मागतात, कुठल्या दिवशी कुठं असणार ते विचारतात. अर्ज मात्र निघायच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत. काकांच्या दृष्टीनं त्या पद्धतीत दोष एवढाच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. बेत आखा, पण एवढी काळजी? प्रत्येक टप्प्याला 'मार्जिन', त्या मार्जिनला आणखी मार्जिन, बोट बंद पडली तर काय, रुळांवर पाणी आलं तर काय! ज्यांना हे हास्यास्पद वाटतं त्यांनी २७ जुलै २०१९ आठवावा. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली, आणि हजाराहून अधिक प्रवाशांना रबरी बोटींनी सुखरूप बाहेर काढावं लागलं. इटलीत गाडी बोटीत चढते, आपल्याकडं बोट गाडीपाशी येते. या दोहोंचं नातं बदलापूरकराला कुणी शिकवायला नको. अनुभवानंही तो धाकटा नाही. कल्याणहून खोपोलीकडं गाडी धावू लागली १८५६ साली, आणि इटली नावाचं राज्य जन्माला आलं १८६१ साली. काका हे इटलीच्या वकिलातीला कळवणार होते, काकूंनी टपालाचे पैसे दिले नाहीत. शिवाय आखत बसणं आणि न जाणं हा आनंदनगरचा शोध मानायचं कारणच काय? खुद्द इटलीनं मेसिनावर पूल बांधायचा कायदा १९७१ साली केला, कंपनी १९८१ साली काढली, २०२५ च्या ऑगस्टात साडेतेरा अब्ज युरोच्या आसपासच्या आराखड्याला सरकारनं मंजुरी दिली, आणि त्याच ऑक्टोबरात तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयानं ती अडवली. चिखलोली स्थानकाची आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाची वाट पाहणाऱ्यांना हे ऐकून परकं वाटत नाही. काकांना मात्र ऑगस्टची बातमी फार लागली होती. पूल झाला की गाडी बोटीत चढणार नाही, म्हणजे बेतातली निम्मी पानं रद्द. ऑक्टोबरात त्यांनी सोसायटीत पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्याला लिफ्टमध्ये घेतलं.

त्यांच्या बाजूनं एवढं बोलल्यावर घरातल्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. बेत आखणारा माणूस लांबून गमतीदार असतो, जवळून तो भाजी आणायला विसरतो. सिराकुसा हे आर्किमिडीजचं गाव. इसवी सनापूर्वी २१२ मध्ये रोमन सैनिक त्याच्या अंगावर धावून आला तेव्हा तो आकृती काढण्यात गढलेला होता आणि त्यानं सैनिकालाच माझ्या आकृतीला हात लावू नकोस म्हणून सुनावलं, अशी आख्यायिका आहे. काकूंनी हाक मारली की काकाही साधारण तेच सुनावतात. "अहो, आधी वांगणीला तरी जाऊन या," हे काकूंचं म्हणणं वाजवी आहे. त्यातली वेदना अशी की या दोनशे पानांत त्यांना काय पाहायचं आहे, याची चौकशी झालेली नाही. त्यांची जागा मात्र नक्की आहे, खालचा बर्थ, खिडकीशी. काकांच्या जगात माणसाची काळजी घ्यायची तर त्याला बसायला द्यायचं, याच्यापुढं कल्पनेला वाट नाही. हे कोतेपण आहेच, आणि ते झाकायला मी आलेलो नाही.

पण हे कोतेपण आलं कुठून, हेही पाहावं लागेल. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यांतली काही घरी परतली नाहीत. दारात लटकायची कुणाला हौस नव्हती. या मार्गावर आत जाणं आणि दारात राहणं यांतलं अंतर कधीकधी अर्ध्या मिनिटाचं असतं, आणि ते अर्धं मिनिट मिळवण्यासाठी लोक पाऊण तास आधी घर सोडून उलट्या दिशेनं जातात. आपण ज्याला काकांचा छंद म्हणतो तो मुळात जिवंत राहण्याचा उपाय होता. नोकरी संपली तरी तो हातातून सुटला नाही, आणि आता त्याला घालायला काही नाही म्हणून त्याला इटली घातली जाते. संध्याकाळी घरी येणं ज्याच्या बाबतीत कुणी नक्की सांगू शकत नव्हतं, त्यानं दुसऱ्या खंडातल्या एका गाडीतला आपला बर्थ नक्की करून ठेवला, तर त्याला स्वप्नाळू म्हणायचं की व्यवहारी, हे मला ठरवता आलेलं नाही. अशा माणसाचा राग मात्र पूर्वीइतका येत नाही.

त्यात त्यांची वही वाया जाते असंही नाही. वरच्या मजल्यांवरची नव्यानं लग्न झालेली, ऐरोलीला नोकरी करणारी मुलं ती मोबाइलवर फोटो काढून नेतात आणि खरोखर जाऊन येतात. गाडी वहीत लिहिल्याप्रमाणं सुटते, फलाटापाशी उभं राहायची जागा बरोबर निघते, आणि मेसिनाला डबे तसेच बोटीत शिरतात. परतल्यावर मुलं लिमोंचेल्लोची छोटी बाटली घेऊन काकांच्या घरी येतात, ती काकूंना कैरीचं पन्हं वाटते आणि फ्रिजमध्ये जाते. मग मुलं सांगू लागतात की डबा बोटीच्या पोटात गेला तसे आम्ही खाली उतरलो, जिना चढून डेकवर गेलो, पहाट होत होती, एका बाजूला सगळी इटली आणि दुसऱ्या बाजूला सिसिलीचे डोंगर. काका पेन हातात घेऊन ऐकत असतात. वहीत हे कुठंच नव्हतं. गाडीतून उतरायचं! समुद्राच्या मधोमध! ते बराच वेळ काही बोलत नाहीत, आणि मग पुढं वाकून हलक्या आवाजात विचारतात, "आणि सीटवर काय ठेवलं होतं?"