पाइपच्या तंबाखूवरून सभ्यपणे कसे भांडावे

पाइप ओढणे कुणालाही जमते. साधना लागते ती दुसऱ्याच्या डब्यात नाक घालून, भुवई न हलवता ‘बरी आहे’ म्हणायला. इंग्लंड-अमेरिकेतल्या शौकिनांनी घासूनपुसून लखलखीत केलेल्या या विद्येचे काही नियम होतकरूंसाठी देत आहोत.

१. आधी पक्ष धरा. व्हर्जिनियावाले गोडव्याचे भक्त, लटाकियावाले धुराचे. व्हॅनिला-चेरीच्या सुगंधी तंबाखूवाल्यांत मात्र शिरू नये. त्यांच्या धुराची तारीफ पाइप न ओढणारी माणसे करतात. शौकिनाला याहून मोठी नामुष्की नाही.

२. भूगोल पाठ करा. लटाकिया हे सीरियातले बंदर. त्या नावाची तंबाखू आता येते सायप्रसहून, लाकडाच्या धुरावर महिनोन्‌महिने धुरावून. पेरीक ही तंबाखू लुईझियानातल्या सेंट जेम्स परगण्याची. ती व्हिस्कीच्या पिंपात दाबून वर्षभर आंबवतात. हे सगळे आपल्या देखरेखीखाली होते अशा आवाजात सांगावे.

३. वासाचे वर्णन बेधडक करा. लटाकिया आवडत असेल तर ‘जुने खोगीर, विझती शेकोटी’. नसेल तर ‘जळका टायर’. डबा एकच असला तरी हरकत नाही. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या काही तंबाखूंना फुलांचा वास असतो. भक्तांनी त्याला परंपरा म्हणावे, विरोधकांनी आंघोळीचा साबण.

४. पाइप भरताना बोलत राहा. पहिला थर लहान मुलाच्या हलक्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या, असा संप्रदाय आहे. पहिली काडी लागली की तंबाखू फुगून वर येते. ती दाबणीने हलकेच बसवून दुसरी काडी ओढायची. इथे कुणीतरी ‘पण बर्ली तंबाखूचे काय?’ असे विचारतो. उत्तर देईपर्यंत पाइप विझतो. विझू द्यावा. मुद्दा सोडू नये.

५. ‘पूर्वीची चव राहिली नाही’ हे ब्रह्मास्त्र जपून ठेवा. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०७ साली आल्फ्रेड डनहिलने दुकान थाटले. गिऱ्हाइकाच्या पसंतीचे मिश्रण तिथे वहीत नोंदवून ठेवत. ‘माय मिक्स्चर ९६५’ हे नाव त्याच रिवाजातले. २०१८च्या सुमारास डब्यांवरून डनहिलचे नाव गेले आणि पीटरसनचे आले. तेव्हापासून जुन्या डब्याच्या मालकाशी वाद घालता येत नाही. तो डबा उघडतही नाही, त्यामुळे हरतही नाही.

६. मिश्रण अस्तित्वात असलेच पाहिजे असे नाही. ‘पीटर पॅन’वाल्या जे. एम. बॅरीने १८९०च्या ‘माय लेडी निकोटिन’मध्ये ‘आर्केडिया मिक्स्चर’ नावाच्या काल्पनिक तंबाखूचे असे काही गोडवे गायले, की वाचक ती खरोखर शोधू लागले. पुढे ती म्हणजे आपलीच ‘क्रेव्हन मिक्स्चर’, अशी जाहिरात कॅरेरास कंपनीने बॅरीच्या दाखल्यासकट केली. कल्पनेलाही गिऱ्हाईक असते.

७. निकाल लागू देऊ नका. समोरचा ‘पटलं तुमचं’ म्हणू लागला तर तातडीने पक्ष बदला.

८. डॉक्टरांशी मात्र वाद घालू नये. लटाकिया कुठली नि पेरीक कुठली, हे त्यांना कळत नाही. जिभेच्या कर्करोगालाही कळत नाही.