रेडॉनला केबिन आवडते

समजा, आपल्या शाहपुरातल्या एखाद्या कचेरीत रेडॉन वायू निघाला. कुणीतरी आधी हुंगून बघेल. वास नाही, रंग नाही. मग पंचनामा कशाचा करणार? पंचनामा नाही म्हणजे रेडॉन नाही. नस्ती बंद.

एखादा बाबू विचारेल, "काय भो, केळीच्या कोठीत सोडतात तोच गॅस का?" तो इथिलीन, त्यानं केळी पिकतात. हा जमिनीतल्या युरेनियममधून निघतो, फरशीच्या भेगांतून वर येतो, कोंदट खोलीत साचतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग करू शकतो. विडी ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.

आपल्या भागातल्या काळ्या पाषाणात ग्रॅनाइटच्या मानानं युरेनियम कमी. तेव्हा रजेचे अर्ज लिहायला घेतलेल्यांनी ते खिशात ठेवावेत. पण शेजारशेजारच्या दोन इमारतींतही आकडा वेगळा निघतो, तो मोजल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९८४ साली स्टॅनली वॉट्रस हा इंजिनिअर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात नुसता शिरला तरी धोक्याची घंटा वाजायची. तिथली वीजनिर्मिती तर अजून सुरू व्हायची होती! गडी किरणोत्सार घरून घेऊन येत होता. त्याच्या घरात दर घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल (हे किरणोत्साराचं माप) रेडॉन निघाला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते १०० च्या आत ठेवा, अगदीच न जमलं तर ३०० च्या वर जाऊ देऊ नका.

आपल्या कचेरीत फुटक्या काचा आणि दाराखालची फट यांच्या कृपेनं ओसरीवरचा शिपाई सुखरूप आहे. रेडॉन सापडलाच तर तळमजल्यावरच्या साहेबांच्या केबिनमध्ये सापडेल. तिथं एसी आहे, खिडक्या पक्क्या बंद आहेत, तीच ती हवा फिरते आहे. सरकारी इतिहासात प्रथमच संकट वरून खाली न येता थेट वरच थांबलं! म्हणून ही नस्ती पळेल, असा माझा अंदाज आहे.

खरं तर काम मिस्त्रीचं आहे. भेगा बुजवा, हवा खेळती ठेवा. तरी आकडा उतरला नाही तर फरशीखाली नळी घालून पंख्यानं गॅस छपरावर सोडा, आणि पुन्हा मोजा. केळी पिकवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कोठीचं दार केव्हा उघडायचं ते त्याला ठाऊक असतं. आपल्याच बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीयोजना खोदणाऱ्यांनी जमिनीखालच्या पाण्यावर शंभराच्या आसपास उभ्या कुंड्या आभाळाकडं उघड्या ठेवल्या. आम्ही चारशे वर्षांनी एसीची हवा वाया जाते म्हणून झरोक्यात विटा भरतो.

राहिली मोजणी. नीट मोजायचं तर छोटंसं यंत्र निदान तीन महिने खोलीत ठेवावं लागतं. यंत्र येणार ही बातमी आधी फुटेलच. मग आकडा कमी दाखवायला कुणी हुशार बाबू सगळ्या खिडक्या उघडेल, झरोक्यातल्या विटा काढेल आणि तीन महिने कुणाला लावू देणार नाही. त्याला अडवू नका. पुढच्या वर्षीही यंत्र येणार आहे, एवढंच त्याच्या कानावर घाला.