सोळा इंची हौस

"ऐकलंत का काकू, देशपांड्यांचं झाकण बसत नाहीये!"

"कुकरचं?"

"छे हो, ग्रिलचं. परवा बिडाचा डच अव्हन आणला ना त्यांनी, १६ इंची? तो जाळीवर ठेवला आणि वरचं झाकण मध्येच अडकलं. चांगली चार बोटं फट. सगळी धग बाहेर आणि मटण आपलं कच्चंच."

ह्यूस्टनच्या या बाजूला दोन घरांमधली लाकडी कुंपणं पुरुषभर उंच असतात. आमच्या कुंपणाची एक फळी मागच्या वादळात गेली, ती कुणीच बसवली नाही. वसाहतीच्या कमिटीचं पत्रही येऊन पडलंय. पण फळी बसली तर बातम्या कुठून येणार? काकूंनी कढीलिंबाची कुंडी सरकवली आणि फटीशी ठाण मांडलं.

"घरात माणसं तीन, आणि हा १६ इंची घेतो?"

"गणपतीला पंचवीस जण येतात म्हणे."

"मग गणपतीत मटण करणारे का तो? माणशी एक क्वार्ट धर, म्हणजे लिटरला जरासं कमी. १० इंचीत ४ क्वार्ट मावतात, १२ इंचीत ६, १४ इंचीत ८ आणि त्याच्या त्या रांजणात १२. काठोकाठ कुणी भरत नाही म्हणा. माझं १२ इंची रिकामंच नऊएक किलो आहे. त्यात रस्सा पडला की उचलायला ह्यांना हाक मारावी लागते, आणि ह्यांची कंबर तुला ठाऊकच आहे."

"पण ग्रिल मोठं आहे ना त्यांचं? २२ इंची, गोल."

"त्यात १६ इंची मधोमध ठेवलंस तर चहूबाजूंनी तीन-तीन इंच उरले. हात घालायचा कुठे आणि कोळसे सरकवायचे कुठून? शिवाय ते झाकण मध्ये उंच, कडेला उतरतं. रुंद भांडं कडेलाच आपटणार. दुकानात जायच्या आधी थंड ग्रिलच्या जाळीवर फॉइलची उंच सुरळी उभी करायची आणि झाकण लावायचं. दबून उरेल तेवढी तुझी उंची. भांडं त्याहून बुटकं हवं, झाकण-कडीसकट. आणि सुरळी मधेच उभी करू नकोस, भांड्याची कड येईल तिथेही करून बघ."

काकूंना हे सगळं इथे येऊन कळलं असं कुणी समजू नये. त्या मूळच्या अलिबागच्या. त्यांची आजी कोलंबीचं भानोलं करायची तेव्हा पातेलं निखाऱ्यांवर, पातेल्यावर परात, परातीत करवंट्यांचे निखारे. परातीवर पाण्याचा थेंब टाकून चुर्र आवाज कसा येतो त्यावरून आच ओळखायची. टेक्ससने २००५ साली बिडाचा डच अव्हन हे राज्याचं स्वयंपाकाचं अधिकृत साधन ठरवलं. आपल्याकडे राज्यप्राणी शेकरू, तसं इथे राज्याचं भांडं! काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आजीला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं."

"मग कोळसे किती लागतात?" मी विचारलं.

"इंचांच्या दुप्पट वड्या. १२ इंचीला २४, की झाली साडेतीनशे फॅरनहाइटच्या आसपास आच. पाव भाजायचा तर १५ झाकणावर, ९ खाली. रस्सा असेल तर खालीच जास्त. देशपांड्याला ३२ लागणार, म्हणजे पिशवी कधी संपली कळायचंही नाही. अर्थात ग्रिलचं झाकण लावून शिजवणार असशील तर भांड्यावर कोळसे नकोतच, ग्रिलचीच भट्टी होते. म्हणून तर झाकण बसायला हवं गं!"

"आणि ते पायवालं घ्यायचं का?"

"ते जमिनीवर निखाऱ्यांवर बसायला. जाळीवर एखादा पाय सळयांमध्ये घुसला की भांडं कलंडलंच म्हणून समज. तुला सपाट बुडाचं हवं. झाकणाला मात्र उभा काठ बघ, नाहीतर वरची राख आमटीत. इनॅमलचं तर मुळीच नको. कोपऱ्यावरच्या सूनबाईंनी आपलं लालचुटुक भांडं थेट निखाऱ्यांवर ठेवलं, आता त्याचे टवके मोजत बसल्यात. आणि हो, आमसुलाचं सार नव्या बिडात करू नकोस. मुरवलेलं तेल सुटतं आणि सार काळं पडतं. देशपांड्यांकडे परवा काय पिऊन आलो ते आठवतंय ना?"

आठवत होतं. लोखंडी चव दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात होती.

"आता देशपांडे ते भांडं मंडळाला देणार म्हणतात. सहलीला मसालेभात करायला."

"ते बरं आहे. मैदानात कोळसे पसरले की झाकणाची कटकट नाही, आणि उचलायला चार तरणीताठी पोरं असतात."

"मग मी १० घेऊ की १२?"

"१२च घे, पण उथळ घे. वरची आच पावाच्या जवळ राहते. खोल माझ्याकडे आहे. तुला अख्खी कोंबडी घालायची असली की माझं ने, मला पाव भाजायचा असला की तुझं आणीन. ह्यांना काही सांगू नकोस, ते १४ इंची बघतायत."