चाळीस इंची गृहस्थ

मिनेसोटा राज्यातील मोटारींच्या नंबरपट्टीवर ‘दहा हजार तळी’ अशी अक्षरे छापलेली असतात, आणि मोजदाद केली तर तळी त्याहूनही अधिकच भरतात. त्यांतील शेकडो तळ्यांत नॉर्दर्न पाइक नावाचा, लांब चपट्या जबड्याचा, हिरवट अंगाचा आणि सावकारी मुद्रेचा मासा विपुल आहे. आणि तरीही या राज्यात असा एक वर्ग नांदतो, की ज्यास त्याच पाइकच्या दर्शनासाठी, जेथे सडक नाही, विजेचा खांब नाही आणि शेजारी तर मुळीच नाही, अशा कॅनडाच्या उत्तरेकडील एखाद्या तळ्यावर विमानाने जाऊन उतरल्यावाचून जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटत नाही.

याचे कारण इंचांत आहे. चाळीस इंचांचा, म्हणजे मीटरभराहून किंचित अधिक लांबीचा पाइक, तोच पाइक. त्याखालचा मासा खरा, पण गणतीत धरावयाचा नाही, असा या वर्गाचा दंडक आहे. घराजवळच्या तळ्यात सापडतो तो बहुधा हातभर लांबीचा असून त्यास तेथील लोक तुच्छतेने ‘हातोडीचा दांडा’ म्हणतात. आणि राज्याचा विक्रम पाहावा तर तो बासवुड तळ्यातील ४५ पौंड १२ औंसांच्या पाइकचा, १९२९ सालचा. ज्या राज्याने १९२९ नंतर आपल्या लौकिकात औंसाचीही भर घातली नाही, त्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नव्हे, असे ते गृहस्थ नेहमी म्हणतात, ज्यांच्यावरून मी हे चित्र रेखाटीत आहे.

हे गृहस्थ पेशाने विमा कंपनीचे तपासनीस. जळालेली गुदामे, ठोकरलेल्या मोटारी आणि गारांनी फुटलेली छपरे यांचे पंचनामे करण्यात त्यांची हयात गेली, आणि शंका घेण्याचे जे कसब त्यांनी या काळात कमावले ते सेवानिवृत्तीनंतर वाया जाऊ नये म्हणूनच की काय, विधात्याने त्यांना उत्तरेतील लॉजचा मार्ग दाखविला. (येथे लॉज म्हणजे एस. टी. स्थानकासमोरचा नव्हे, तळ्याकाठच्या ओंडक्यांच्या काही खोल्या, एक भोजनगृह, धक्क्याला बांधलेल्या अॅल्युमिनियमच्या होड्या आणि भरपूर डास, इतक्या ऐवजाला तिकडे हे नाव आहे.) नोव्हेंबरात तळी गोठू लागली की यांची कचेरी भरते. जेवणाच्या मेजावरून ताटे हलतात आणि दप्तरे येतात: सस्कॅचेवनमधील वॉलॅस्टन, रेनडिअर व क्री, मॅनिटोबा आणि नुनावूत यांच्या सरहद्दीवर पसरलेले न्यूएल्टिन, आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील ग्रेट स्लेव्ह, ज्याची खोली ६१४ मीटर असून त्याहून खोल तळे उत्तर अमेरिका खंडात दुसरे नाही. या शेवटच्या तळ्याविषयी त्यांची तक्रार मोठी मार्मिक आहे. पाइक हा वस्तुतः उथळ खाडीत, पाणवनस्पतींच्या आडोशाला, कमरेएवढ्या पाण्यात दबा धरून बसणारा जीव. मग उरलेल्या ६१३ मीटरांचे भाडे आपण का म्हणून भरावे?

लॉजवाल्यांच्या माहितीपत्रकांची छाननी ते भिंगाखाली करतात, आणि ती पाहण्यासारखी असते. चित्रातील गिऱ्हाईक मासा छातीशी धरीत नाही. दोन्ही हात ताणून तो कॅमेऱ्याच्या पुढ्यात नेतो, जेणेकरून मासा फुगावा आणि माणूस आकसावा. आमचे गृहस्थ माशाकडे पाहतच नाहीत, अंगठ्याकडे पाहतात. अंगठा त्याच्या धन्याच्या कानाहून मोठा दिसू लागला की माशाची लांबी चार इंचांनी तोडावयाची, कोपरे सरळ असतील तर आणखी दोन इंच कमी करावयाचे, आणि गिऱ्हाईक हसत नसेल तर मात्र मासा खरा समजावयाचा, असे त्यांचे गणित आहे. या हिशेबाने त्यांनी एका लॉजच्या संपूर्ण भोजनगृहाची भिंत ‘हातोडीच्या दांड्यां’त जमा केली होती.

पुढे हिवाळा सरता सरता, मिनियापोलिस येथे १९३३ पासून भरत आलेल्या शिकार-मासेमारीच्या प्रदर्शनात लॉजचे मालक स्वतः गाळे मांडून बसतात, तेव्हा प्रत्यक्ष जबानी घेण्याची पर्वणी येते. मालकाच्या डोक्यावर टांगलेला प्रचंड पाइक बहुधा फायबरग्लासचा असतो. मूळचा मासा लांबी-घेर मोजून, छायाचित्र घेऊन, पाण्यात परत सोडलेला असतो आणि त्या मापांवरून ही प्रतिमा घडवितात. आम्हां मालवणकडच्या माणसांना, ज्यांच्या घरी गरवून आणलेला मासा दारात पोचण्यापूर्वीच वाटण तयार असते, हा व्यवहार पचावयास अंमळ जड जातो, हे मी नम्रपणे नमूद करून ठेवतो; परंतु थंड पाण्यात पाइक फार सावकाश वाढतो, चाळीस इंची मादी बहुधा दहा-पंधरा वर्षांची जुनी असामी असते, आणि ती सोडली नाही तर पुढल्या हंगामाची गिऱ्हाइके कशासाठी येणार, हे ऐकल्यावर माझे तोंड बंद झाले. मॅनिटोबात तर गळाला काटा ठेवण्याचीच बंदी आहे. बिनकाट्याच्या गळाने मासा पकडावयाचा आणि त्यानेच त्यास सन्मानाने मोकळे करावयाचे.

मालक हा प्राणीही कच्च्या गुरूचा चेला नसतो. “चाळीस इंची मिळेल काय?” या प्रश्नास तो ‘नाही’ म्हणत नाही, आणि ‘होय’ तर त्याहूनही म्हणत नाही; “आपण गेल्या वर्षी यायला हवे होते,” एवढेच खिन्नपणे सांगतो, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या नावांची एक यादी पुढे सरकवितो. तेथून फेरतपासणीला प्रारंभ होतो. आमचे गृहस्थ त्या यादीतील एकेका इसमास दूरध्वनीवर गाठून, मासा कोणत्या तारखेस, कोणत्या वाऱ्यात, किती हात पाण्यात लागला, पट्टी कोणी धरली आणि शेपूट चिमटून मोजली की पसरून, अशी उलटतपासणी करतात. साक्षीदार मात्र ऐन वेळी भलतीकडेच घसरतात. इंडियानाच्या एका दंतवैद्याने माशाची लांबी आठवत नसल्याचे सांगून ब्ल्यूबेरीच्या पायची स्तुती केली. दुसऱ्या दिवशी कोण्या शेतकऱ्याने, त्याच लॉजविषयी, पायच सांगितला. तिसऱ्याने दुपारी काठावर चूल पेटवून गाइडने चरबीत तळून दिलेल्या वॉलआय माशाचे व बटाट्याचे वर्णन करता करता आवंढा गिळलेला यांना स्पष्ट ऐकू आला. दप्तरात पायसाठी रकाना नव्हता. तो आखावा लागला.

विमानाचीही रुजवात झाली. या तळ्यांवर नेणारे जुने मातब्बर विमान म्हणजे बीव्हर, जे १९४७ साली प्रथम उडाले, ज्याचा कारखान्यातील जन्म १९६७ साली थांबला, आणि ज्याच्या पायांना चाकांऐवजी तरंगणाऱ्या नौका बांधून ते आजही पाण्यावर उतरविले जाते. त्याच्या इंजिनात तेल घालण्याचे तोंड वैमानिकाच्या कक्षातच असल्यामुळे उडता उडता तेल भरता येते. वैमानिक ही सोय कौतुकाने सांगतात. आमच्या गृहस्थांनी ती कबुलीजबाब म्हणून टिपून ठेवली.

त्यांच्या पत्नीने या सर्व हिवाळ्यांत एकच प्रश्न विचारला: स्नानगृह खोलीच्या आत आहे की बाहेर? हा प्रश्न त्यांच्या एकाही प्रश्नावलीत नव्हता, आणि त्याच्या उत्तराने तीन दप्तरे एका संध्याकाळी निकालात निघाली.

या सर्व खटाटोपातील खरी गंमत अशी, की ज्याच्यासाठी एवढी चिकित्सा चालली आहे, त्या पाइकइतका निवड न करणारा जीव गोड्या पाण्यात शोधून सापडावयाचा नाही. बदकाची पिले, उंदीर, बेडूक, आपल्याच कुळातील धाकटी भावंडे, जे हलेल ते त्याला चालते. आपल्याएवढ्याच भाऊबंदास गिळू जाऊन दोघेही अडकून मेल्याचे प्रकार घडलेले आहेत. आणि पत्र्याच्या चमच्यास तो अन्न समजतो. त्याने क्षणाचा विचार न करता जबडा उघडावा म्हणून मनुष्याने पाच-सहा महिने विचार करावा, हा निसर्गाच्या दोन टोकांचा संगम म्हटला पाहिजे.

अखेर एका वर्षी गृहस्थ गेले. वॉलॅस्टनचे बर्फ जूनमध्ये फुटल्यानंतर लवकरच, अंडी घालून झालेल्या थोराड माद्या अजून ऊन लागलेल्या उथळ खाड्यांत रेंगाळत असतात तेव्हा, ते होडीत बसले. त्यांच्या पेटीत पारखून घेतलेली आमिषे खच्चून भरलेली होती. तेथल्याच काठावर वाढलेल्या डेने जमातीच्या गाइडने ती पेटी पाहिली, मिटली, आणि आपल्या खिशातून पिवळ्या रंगावर लाल चौकटींचा, रंगाचे टवके उडालेला एक जुना चमचा काढून, जो तिकडे ‘चौकटचा पंजा’ म्हणून ओळखला जातो, तो पोलादी तारेला अडकवून दिला. तासाभराच्या आत त्रेचाळीस इंचांची मादी होडीशी आली. गृहस्थांनी ती दोनदा मोजली, शेपूट पसरून आणि शेपूट चिमटून, मग ती सोडली, मग गाइडला विचारले, “याहून मोठा शेजारच्या तळ्यात असेल काय?”

“असेल,” तो म्हणाला.

परतीच्या विमानात, खाली मावळतीच्या उन्हात चकाकणारी असंख्य अनामिक तळी पाहता पाहता, त्यांनी कोरी वही काढली. सध्या त्या ‘शेजारच्या’ तळ्याचे दप्तर जाड झालेले असून, पाच साक्षीदारांची जबानी झाली आहे व सहाव्याची प्रकृती बरी नसल्याने ती तहकूब आहे.

वाचकांपैकी कोणाचे आप्त टोरांटो वा मिनियापोलिसकडे असून हा योग येण्याचा संभव असेल, तर त्यांनी लॉजच्या मालकास तीनच गोष्टी विचाराव्यात: बर्फ साधारण केव्हा फुटते, त्या तळ्यावर दुसऱ्या कोणाच्या होड्या असतात काय, आणि गाइड किती हंगाम तेथे आहे. उत्तरे बरी वाटली तर बयाणा पाठवून मोकळे व्हावे. आमच्या गृहस्थांचा सल्ला मात्र घेऊ नये. तो मिळेल, सप्रमाण मिळेल, आणि तोवर तळे पुन्हा गोठलेले असेल.