कॅनडा वेगळा

बावन्न सर तुम्हाला माहीत आहेत. तुमच्याकडे त्यांचं नाव वेगळं असेल, पण तालुक्याला एक या हिशोबाने ते सगळीकडे वाटलेले आहेत. आमच्या वाट्याचे अंबाजोगाईत राहतात आणि धारूर तालुक्यातल्या एका शाळेवर अप-डाऊन करतात. रस्त्यात गाठ पडली की 'बरं आहे का' वगैरे नाही, थेट 'सध्या काय वाचताय?' आपण तोंड उघडेपर्यंत 'मी सध्या ॲटवुड करतोय' सुरू झालेलं असतं. तुम्ही-आम्ही पुस्तकं वाचतो, सर लेखक करतात. फॉकनर केला, बेलो केला, मन्रो दोनदा केली.

बावन्न हे वर्षाचं टार्गेट. आठवड्याला एक पुस्तक. 1 जानेवारीला मोबाइलमधल्या ॲपवर आकडा टाकायचा, त्याचा फोटो स्टेटसला लावायचा, आणि मग वर्षभर गावाने तो आकडा चढताना पाहायचा. माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला त्यांनी मला बाजूला घेतलं. काही सांत्वनाचं बोलतील म्हणून मी कान पुढे केला, तर म्हणाले, "एकोणीस झाली."

वहिनींना याचं कौतुक नाही. "ह्यांची बावन्न पुस्तकं अन् माझे बारा सिलेंडर," त्या म्हणतात. "माझं टार्गेट कुणी स्टेटसला लावत नाही."

सरांच्या मोजणीचे नियम कडक आहेत. मराठी पुस्तक धरायचं नाही. अनुवाद तर नाहीच नाही. पुलंनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलं, दुर्गाबाई भागवतांनी थोरोला 'वॉल्डनकाठी विचारविहार' करायला लावला, पण सरांच्या वहीत दोघांचेही मार्क शून्य. धरायचं ते इंग्रजीतलं, आणि त्यातही फक्त अमेरिका आणि कॅनडा. यातल्या 'आणि'वर सर थांबतात. ऐकणाऱ्याने तो 'आणि' नीट ऐकला की नाही हे चेहऱ्यावर बघून मगच पुढे जातात.

बसस्थानकासमोरच्या हॉटेलात एकदा कुणीतरी सहज म्हणालं, "ती तुमची अमेरिकेची ॲटवुडबाई…" सरांनी कप खाली ठेवला. बशी सरळ केली. "कॅनडा. जन्म ओटावा, 1939. बुकर दोनदा, 2000 आणि 2019. अमेरिकेचा संबंध नाही."

हॉटेलवाला भजी काढता काढता म्हणाला, "सर, तिकडंच हाय की ते समदं."

"तिकडं नाही. कॅनडा वेगळा."

हे दोन शब्द आता गावाचे झाले आहेत. रिक्षावाला जास्त पैसे मागायला लागला की गिऱ्हाईक म्हणतं, "का, कॅनडा वेगळा का?"

सरांना हे एवढं का लागतं, ते अंबाजोगाईत राहिल्याशिवाय कळायचं नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे, दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी इथे, योगेश्वरी इथे, वैद्यकीय महाविद्यालय इथे, आणि पत्त्यात मात्र 'जिल्हा बीड'. वेगळ्या जिल्ह्याची मागणी कित्येक वर्षांची आहे. पुण्या-मुंबईत कुणी "तुम्ही बीडचे ना?" म्हटलं की अंबाजोगाईकराचा जो चेहरा होतो, तोच सरांचा ॲटवुडसाठी होतो. त्यांच्या लेखी कॅनडा म्हणजे अमेरिकेचं अंबाजोगाई: उंचावर, थंड हवेचं, शिकलेलं, आणि ज्याचा सगळा मान शेजाऱ्याच्या खात्यावर जमा होतो असं.

पुरावा म्हणून ते सॉल बेलोला उभा करतात. बेलो जन्मला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, लहानपणी शिकागोला गेला, आणि 1976चं नोबेल लागलं अमेरिकेच्या नावावर. "जन्म आमचा," सर म्हणतात. 'आमचा' म्हणजे कॅनडाचा. त्यावर गावातल्या एका वकिलाने त्यांना खिंडीत पकडलं. मायकेल ओंडाची जन्मला श्रीलंकेत, रोहिंटन मिस्त्री मुंबईत, यान मार्टेल स्पेनमध्ये. हे तिघं जर कॅनडाचे, तर बेलोही शिकागोचाच. दोन्हीकडून कसं खाता?

सरांनी मान खाली घातली नाही. "स्वामी रामानंद तीर्थ सिंदगीचे. पण योगेश्वरीच्या शाळेत शिकवायला आले. म्हणजे आपले. बरोबर?"

"बरोबर."

"मग विषय संपला. येईल तो आपला, जाईल तोही आपला."

या न्यायाने अर्धं जग कॅनडात जमा झालं, पण घोळ पुढेच होता. बेलो कॅनडाचा धरला, तर 2013 साली ॲलिस मन्रोला मिळालेलं नोबेल कॅनडाचं पहिलं उरत नाही. बेलो सोडला, तर मन्रो पहिली, पण अमेरिकेची चोरी माफ होते. हा पेच सरांना अजून सुटलेला नाही. ऐन जेवणात ते मध्येच हात थांबवून विचारात पडले, तर वहिनी ओळखतात. "बेलो का?" असं विचारून भात वाढतात.

मे 2024मध्ये मन्रो गेली. सरांनी वाचनालयात श्रद्धांजली सभा ठेवली. वेळ दुपारी चारची, ऊन मेचं. हजर कोण? सर, ग्रंथपाल, मी, आणि एमपीएससीची तयारी करणारी दोन पोरं. पोरं रोजच असतात, पंख्याखाली. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. सरांनी ओंटारिओतल्या छोट्या गावांबद्दल सांगितलं, तिथल्या बायका, त्यांची लग्नं, त्यांची गुपितं, सगळं वीस-तीस पानांच्या कथेत कसं मावतं ते सांगितलं. बरं बोलले, खोटं कशाला सांगू. शेवटी एका पोराने हात वर केला. "सर, हे परीक्षेला येईल का?"

"नोबेल, 2013. येईल."

"देश, सर?"

सरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "कॅनडा. खाली रेघ मार."

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात चौकट आली: 'अमेरिकन लेखिकेस अंबाजोगाईत श्रद्धांजली'. सर ताबडतोब कार्यालयात गेले, तासभर बसले, जगाचा नकाशा काढून दाखवला. तिसऱ्या दिवशी नळदुरुस्तीच्या जाहिरातीखाली शुद्धिपत्र छापून आलं: 'अमेरिकन ऐवजी कॅनेडियन अमेरिकन असे वाचावे'. सर चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. गावाला तेवढीच विश्रांती.

डिसेंबर हा त्यांचा कसोटीचा महिना. जून ते नोव्हेंबर शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यात जातात, आकडा अडतिसावर रेंगाळतो, आणि नाताळच्या आसपास सर बारीक पुस्तकांकडे वळतात. हेमिंग्वेचा म्हातारा दर डिसेंबरला मासा पकडायला निघतो. स्टाइनबेकचं 'ऑफ माइस अँड मेन' येतं, कारण ते एका बसप्रवासात उरकतं. रिचर्ड बाखचं 'जोनाथन लिव्हिंग्स्टन सीगल' तर हुकमाचं पान, कारण त्यात बरीच पानं नुसत्या समुद्रपक्ष्यांच्या फोटोंची. एका वर्षी 'मोबी डिक' कानाला लावून दुप्पट वेगाने ऐकलं. धारूरच्या घाटात रेंज जायची आणि देवमासा रोज त्याच वळणावर निसटायचा. 135 प्रकरणांचं हे पुस्तक तीन म्हणून धरावं अशी त्यांची रास्त मागणी होती. ॲपने ऐकलं नाही. वकिलाने विचारलं, "दासोपंतांनी गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिल्या, त्यांच्याकडे कोणतं ॲप होतं?" सर म्हणाले, "ते लिहिणं झालं. मी वाचण्याचं बोलतोय."

मला राग यायचा तो या मोजण्याचा. अमेरिकेची पुस्तकं मराठवाड्यात काही सरांनी आणलेली नाहीत. मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांबद्दल इथल्या पोरांशी बोलू लागले. शेजारच्या लातूरच्या जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. या लोकांनी अमेरिका वाचली ती इथे काहीतरी हलावं म्हणून. वर्षाला किती झाली याची वही त्यांच्यापैकी कुणी ठेवल्याचं ऐकिवात नाही. हे मी सरांना एकदा फटकन बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाघमारे सरांच्या पुस्तकात कॅनडा आहे का?" मी उठून आलो.

मग एका वर्षी आकडा एकतिसावर अडकला. दिवाळी झाली, स्टेटस हलेना. गावात चर्चा सुरू झाली, सर आजारी आहेत का म्हणून.

आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या पुढेमागे काय होतं ते सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक कोयता, ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, सरपण आणि लेकरं टाकून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. सरांच्या वर्गातल्या बाकड्यांवर अचानक जागा होते. जी लेकरं आजी-आजोबांपाशी मागे राहतात, त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांनी टार्गेटमधलं बत्तिसावं म्हणून स्टाइनबेकचं 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' उघडलं होतं. 1939ची कादंबरी. ओक्लाहोमात दुष्काळ, धुळीची वादळं, बँकांनी जमिनी घेतल्या, आणि जोड नावाचं कुटुंब एका खटारा ट्रकमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट कॅलिफोर्नियाला निघतं, फळं तोडायला. कामाला माणसं हवीत अशी पत्रकं तिकडून आलेली असतात. तिथे पोचावं तर हात शंभर, काम दहाला, आणि मजुरी रोज खाली.

सर शेवटची गाडी सोडून शाळेवर राहायला लागले. संध्याकाळी जेवणं झाली की पोरांना ही गोष्ट सांगायची, रोज थोडी थोडी. मी एकदा गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो, तेव्हा खिडकीशी उभं राहून ऐकलं.

"सर, मुकादम कोन व्हता त्यायचा?"

"मुकादम नव्हता. कागद वाटले होते."

"उचल किती देली?"

"उचल नाही."

"बिगर उचलीचे गेले?" सगळी पोरं हसायला लागली. "येडेच की, सर!"

"त्यांना वाटलं, तिथं काम आहे."

"कारखाना कंचा व्हता?"

"कारखाना नाही. पीच नावाचं फळ. मग कापूस."

कापूस म्हटल्यावर पोरांना पटलं. मागून एका मुलीने विचारलं, "त्यांच्या लेकरांची साळा?"

सरांनी पुस्तक चाळलं. खरंच चाळलं, म्हणजे आत कुठेतरी उत्तर सापडेल अशा घाईने. मग म्हणाले, "ते पुस्तकात नाही, बाळा."

परत येताना गाडीत मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हा स्टाइनबेक कॅनडाचा का?" एरवी या प्रश्नावर केजपर्यंतचा रस्ता कमी पडला असता. सर म्हणाले, "अमेरिकेचाच," आणि बाहेर बघत बसले. पुढे मी ते पुस्तक उसनं मागितलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन रकाने आखलेले होते. पहिल्यात पोरांची नुसती पहिली नावं, दुसऱ्यात आईबाप ज्या कारखान्यावर गेले त्याचं गाव, तिसऱ्यात 'आला', 'आली' किंवा काहीच नाही. तिसरा रकाना बराचसा मोकळा होता. दुसऱ्याच दिवशी सरांनी पुस्तक परत मागून नेलं. 'धरलं का हे टार्गेटमध्ये?' म्हटलं, तर म्हणाले, "हे धरायचं नाही." त्या वर्षीचा आकडा एकतीसच राहिला.

सर सुधारले असं कुणी समजू नये. पुढच्या 1 जानेवारीला बावन्नचा आकडा पुन्हा स्टेटसला होता, आणि त्याच संध्याकाळी एका लग्नात त्यांनी नवरदेवाला बोहल्यावर गाठून विचारलं की सध्या काय वाचताय. माणूस कंटाळवाणा आहे हे माझं मत कायम आहे. फक्त एवढंच की, त्यांच्या टार्गेटची टिंगल करणाऱ्या आम्हा सगळ्यांची वर्षभराची पुस्तकं एकत्र केली तरी बावन्न होत नाहीत. एकतीससुद्धा होत नाहीत.

तेव्हा तुमच्या गावातले बावन्न सर समोरून येताना दिसले तर रस्ता बदलू नका. त्यांचा आकडा विचारू नका, लेखकाचा देशही विचारू नका. एक पुस्तक उसनं मागा, वाचा, आणि परत करा. सरांच्या कपाटातली निम्मी पुस्तकं गावात फिरताहेत. घेणाऱ्यांची नावं त्यांच्या वहीत तारखेसकट आहेत.