तुकड्यांचं बाड

प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे एक फाइल असतेच. नाव 'कामाचं', 'बघून ठेव' असलं काहीतरी, आणि आत जमेल तिथून उचललेले कोडचे तुकडे. एक तुकडा आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजतो, दुसरा पॅन क्रमांकात पाच अक्षरं, चार अंक आणि शेवटी एक अक्षर आहे ना ते बघतो. मग १९८०० हा आकडा. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, त्याचे हे सेकंद. सतराचा पाढा विसरलेल्यांनाही हा पाठ असतो.

जालन्यात या फाइलला स्थानिक फोडणी मिळते. इथे सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या, म्हणजे बिलं उदंड. आणि बिलाखाली रक्कम अक्षरी हवी, 'मात्र'सकट. मायक्रोसॉफ्टने एक्सेलसाठी 'स्पेलनंबर' नावाचा नमुना कोड देऊन ठेवला, पण डॉलर-सेंटचा. कुणीतरी डॉलर खोडून रुपये केले, सेंटचे पैसे केले आणि मित्राला पाठवला. मिलियन मात्र तसाच राहिला, कारण तो कोड अंक तीन-तीनने तोडतो आणि आपले लाख-कोटी दोन-दोनने चढतात. परिणामी दहा लाखांच्या सळईवर 'वन मिलियन रुपीज' उमटतं, आणि मुनीमजी चष्मा कपाळावर सारून विचारतात, "ही मिलियन कोणती पार्टी हो?"

मग कुणी लाख बसवले, कुणी कोटी. मराठीत अक्षरी रक्कम करायची तर आणखी गंमत. इंग्रजीत विसापर्यंतचे शब्द आणि दशकांची नावं दिली की नव्व्याण्णवपर्यंत भागतं. आपल्याकडे एकोणसाठ, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याण्णव, ज्याचा त्याचा सवतासुभा. सगळी यादी टंकल्याशिवाय सुटका नाही. ती एकाने टंकावी आणि बाकीच्यांनी जन्मभर वापरावी, हेच बरं. त्याचा 'सदुसष्ट' चुकला असेल तर तोही गावभर फिरतो.

जुन्या बाडांचं असंच होतं. हाताने शिवलेल्या त्या वह्यांत अभंगाशेजारी औषधाचा पाठ, आरतीखाली उधारीचा हिशेब. एकाचं बाड दुसऱ्याने उतरायचं आणि उतरताना पाठभेद जन्माला यायचे. शेवटी नकलाकार हात जोडून सांगे : पाहिलं तसं लिहिलं, चुकीचा दोष मला देऊ नये. एमआयटीच्या नावाने चालणारा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना तरी वेगळं काय म्हणतो? जसं आहे तसं घ्या, हमी नाही. त्यात नम्रता तेवढी कमी.

या विषयातला खरा अधिकारी माणूस आमच्याच जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, भोवती जागा सोडावी म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही, असं त्यांचं सांगणं. फार बारीकही लिहू नये. तरुणपणीचं बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही. आमच्या धंद्यात म्हातारपण सहा महिन्यांत येतं. दहा ओळींचं काम एका ओळीत कोंबणारा हुशार मुलगा दिवाळीनंतर त्याच ओळीकडे परक्यासारखा बघत बसतो.

सध्या सर्वांत जास्त मागणी जमिनीच्या तुकड्याला आहे, म्हणजे कोडच्या. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, शेतकऱ्याच्या तोंडी एकर आणि गुंठे. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट, इथपर्यंत ठीक. पण हातोहात फिरणाऱ्या एका पाठात कुणा घाईच्या माणसाने आर आणि गुंठा एकच धरलाय. गुंठा किंचित मोठा, त्यामुळे हेक्टरामागे गुंठाभराहून जास्त जमीन नांगर न धरता वाढते. इतक्यासाठी तर भावाभावांत दोन पिढ्या तारखा चालतात. तुकड्याच्या माथ्यावर मात्र कुणीतरी लिहून ठेवलंय : चालतंय, हात लावू नये.